सहावा पॅरामीटर

"हा बुवा कोण?" विभागातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर असलेल्या काकांनी छापील कागदावरच्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

"कोण म्हणजे? नववा पेशंट. वय एकतीस, रक्तगट ओ पॉझिटिव्ह."

"आणि आठवा?"

मी वरची ओळ पाहिली. तोही एकतीस वर्षांचा, ओ पॉझिटिव्ह. पत्ता तोच, नावही तेच.

"जुळे असतील," मी उगाच म्हणाले.

"जुळ्यांची नावं तरी वेगळी ठेवतात गं."

हॉस्पिटलच्या तळघरातल्या मेनफ्रेमवर, त्या जुन्या अवाढव्य संगणकावर, सगळ्या पेशंटच्या नोंदी होत्या. फाइल वाचायची किंवा तिच्यात लिहायचं, तर कुठल्याही प्रोग्रॅमला काकांनी तरुणपणी लिहिलेल्या एकाच छोट्या प्रोग्रॅमला, रूटीनला, बोलवावं लागे. बोलवताना सहा गोष्टी, म्हणजे पॅरामीटर, ठरलेल्या क्रमाने द्यायच्या: काय करायचं, कुठली फाइल, कुठला नंबर, नोंद कुठे ठेवायची, तिची लांबी, आणि शेवटी दोन अक्षरांची रिकामी जागा. नव्या यंत्रणेत रक्तगट पाठवण्याचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. आज दुपारी तो चाळीस हजार नंबरांवर चालायचा होता. आत्ता आम्ही काकांच्या नेहमीच्या दहा नंबरांवर त्याची चाचणी घेत होतो.

"सहाव्यात काय आलंय?" काकांनी विचारलं.

"ते मी पाहिलंच नाही. तो रिकामाच द्यायचा असतो ना?"

"रिकामा द्यायचा, भरलेला परत घ्यायचा. माझी वही वाचलीस?"

"तीन पानं."

"चौथ्यावर आहे ते. हाक मारलीस, तर समोरचा ओ देतोय का ते ऐकायला थांबायला नको?"

मी चौथं पान उघडलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: नंबर सापडला तर रूटीन त्या जागेत शून्य शून्य ठेवतं, नाही सापडला तर तेवीस. आणि खाली रेघ मारून: तेवीस आल्यास नोंदीच्या जागेला रूटीन हात लावत नाही.

म्हणजे आधीच्या पेशंटची नोंद तिथे तशीच पडून राहते. माझ्या प्रोग्रॅमने ती नवी समजून उचलली होती.

"पहिली पंगत उठली, पानं तशीच, आणि दुसरी बसवलीस," काका म्हणाले.

ज्याची नोंद गहाळ, त्या प्रत्येकाला आधीच्या माणसाचा रक्तगट चिकटला असता. त्या नोंदीवर भरवसा ठेवून कोणी रक्ताची पिशवी लावली असती.

"पण दहा ओळींत तुम्हाला पटकन कसं दिसलं?"

"नववा नंबर माझ्या बायकोचा," ते चष्मा पुसत म्हणाले. "चाचणीला हमखास सापडणारा नंबर लागतो. तिचा पाठ होता. ती गेली त्याला एकोणीस वर्षं झाली, पण नंबर सापडायचा."

मी चार ओळी वाढवल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. नवव्या ओळीत आता नाव नव्हतं, वय नव्हतं. फक्त तेवीस.

तेवढ्यात आमच्या विभागप्रमुख बाई चहाचा कप घेऊन आल्या. हा नंबर का सापडत नाही, ते मी त्यांना विचारलं.

"अगं, मृत पेशंट या कामासाठी केलेल्या नव्या फाइलमध्ये घेतलेच नाहीत आपण. ठरलंय तसं. का, काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. "बरोबर आहे. पण आज दुपारी चालवू नका. हयात असून न सापडणारे नंबर आधी वेगळे काढा आणि त्यांचे रक्तगट नव्याने तपासायला पाठवा."

"काका, वर सगळे घड्याळ लावून बसलेत! एका ओळीसाठी अख्खा दिवस?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बोलायचं मलाच होतं.

"चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती, बाई. उत्तर न बघता मी पुढे जात होते."

बाईंनी कप टेबलावर ठेवला. "आणि हे मला वरच्या मजल्यावर जाऊन सांगायचंय. बरं. उद्या दहाला. त्याच्या पुढे एक मिनिट नाही."

संध्याकाळपर्यंत असे दोनशे सात नंबर निघाले. काकांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सही केली.

मी जरा घुटमळले. "काका, जुन्या फाइलमध्ये काकूंची नोंद अजून आहे. एकच तर आहे. मी हाताने टाकते नव्यात, कोणाला कळणारही नाही."

"नको. नियम सगळ्यांना एकच."

त्यांनी वही ओढून शेवटचं पान काढलं. चाचणीचे दहा नंबर, आणि प्रत्येकासमोर अपेक्षित उत्तर: दहाही वेळा शून्य शून्य. नववा नंबर आता खोडतील, असं मला वाटलं. त्यांनी नंबर तसाच ठेवला. त्यापुढची दोन शून्यं रबराने हळूहळू पुसली, कागदावरचा चुरा फुंकला आणि पेन्सिलीने तेवीस लिहिलं.

"एक न सापडणाराही लागतोच चाचणीला," ते म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली.