शेवंतीच्या पाठीवरचा स्वार

शेवंतीनं मान खाली घातली आणि रानात जमलेल्या दोन-तीनशे माणसांनी एकदम हात जोडले.

गडमुडशिंगीत उदयसिंहांचा ऊस नुकताच तुटून गेला होता. पाचट एका कडेला सारून मधली जागा मोकळी केलेली. तिथं त्यांची तीन वर्षांची करडी घोडी शेवंती उभी होती. पाठीवर कुणी हात टाकला तरी उसळणारी ही घोडी आता कान पाडून, डोळे अर्धे मिटून गप्प होती. तिच्या कानाशी लागून अश्वदत्त महाराज काहीतरी पुटपुटत होते. अंगात भगवी कफनी, पायात घोडेस्वाराचे बूट आणि उजवा हात जपमाळेच्या गोमुखीत, म्हणजे त्या शिवलेल्या पिशवीत.

महाराजांचं निदान असं होतं, की शेवंतीच्या पाठीवर आधीच एक स्वार बसलेला आहे. कुठल्याशा लढाईत पडलेला, न दिसणारा. तो जागा सोडत नाही म्हणून ती दुसऱ्याला बसू देत नाही. कुठली लढाई, असं कुणीतरी विचारलं, तर महाराज म्हणाले, स्वार लाजतो, सांगत नाही. हेही लोकांना पटलं. या लाजऱ्या स्वाराला चारा नको, पाणी नको, खोगीरही नको. फक्त त्याला उतरवायला महाराज हवेत.

"उतरला बगा," महाराज म्हणाले. "आता बसा कोन बी."

उदयसिंहांचा चुलतभाऊ गुंडू बसला. शेवंती जागची हलली नाही. मग दोघांनी तोंडावरची म्होरकी धरून तिला रानातून एक फेरी मारून आणली. पावलं फेंगडी पडत होती, पण ते बघतं कोण. माणसं महाराजांच्या पाया पडायला पुढं सरकली.

मी कडेला उभी राहून हे बघत होते आणि माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. मी क्रांती. तरण्या घोड्यांना माणसाची सवय लावणं, त्यांना स्वारीसाठी तयार करणं हे माझं काम. दिवाळीपासून शेवंती माझ्याकडं होती. सुरुवातीला मी तिच्याजवळ नुसती उभी राहायचे. मग म्होरकी घालून शेजारनं चालायचं, मी थांबले की तिनं थांबायचं, छातीला बोट लावलं की पाऊल मागं घ्यायचं. पुढं लांब दोरीवर गोल फिरवणं, पाठीवर रिकामं पोतं, मग खोगीर, मग पोटाखालचा तंग, तोही जरा जरा आवळत. घोड्यावर वाघ-बिबट्या झेप घेतो तो पाठीवरच. त्या जागेची भीती घोड्याच्या रक्तातच असते. ती काढायला दुसरी वाट नाही. रोज थोडं शिकवायचं आणि ते बिघडू द्यायचं नाही.

बिघडवायला मालक समर्थ होते. मी नसले की उदयसिंह कुणाला तरी तिच्यावर बसवून बघायचे. ती त्याला पाडायची आणि माझं काम पुन्हा पहिल्यापासून. मी सांगितलं की ते "व्हय की ताई, बरोबर हाय तुमचं" म्हणायचे आणि पुढच्या आठवड्यात तेच. गावची जत्रा जवळ आली होती आणि पालखीपुढं त्यांना शेवंतीवर बसून जायचं होतं. माझं काम मुंगीच्या पावलानं चाललंय असं ते चारचौघांत बोलायचे. महाराजांनी तेच काम तासाभरात केलं, हे मला त्या दिवशी निदान वीस जणांनी ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडू अंगणात शेवंतीवर बसला. ती अशी उसळली, की तो पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर आपटला. गळ्याजवळचं हाड मोडलं. महाराजांना फोन गेला. त्यांनी फोनवरच सांगितलं, की ज्याचा विश्वास नाही अशा माणसाचा हात घोडीला लागतोय, म्हणून स्वार परत आला. रविवारी पुन्हा उतरवू.

उदयसिंहांनी मला दारातच गाठलं. "ताई, जत्रंपतूर तुमी येऊ नका," म्हणाले. त्यांची आई बाळाबाई चुलीपाशी होत्या. शेवंतीची आई लवकर मेली तेव्हा याच बाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्या खाली बघून चुलीत लाकूड सारत राहिल्या. मी स्कूटरवरनं परत येताना रागानं रडले.

घरी आल्यावर जनावरांच्या डॉक्टर संघप्रियांना फोन केला. आमची जुनी ओळख. मी त्यांना रानात दिसलेलं सगळं सांगितलं. शेवंतीचा खालचा ओठ लोंबत होता, मागचे पाय अडखळत होते आणि गार वाऱ्यात तिला घाम फुटला होता. डॉक्टरांनी एकच विचारलं. मंत्राआधी तिच्या तोंडात काही घातलं होतं का?

घातलं होतं. महाराजांनी गोमुखी न काढताच हात तिच्या तोंडात सारून जिभेखाली 'अंगाऱ्याचं बोट' लावलं होतं. मग अर्धा-पाऊण तास आरत्या चालल्या होत्या.

"मग आरत्या लांबवाव्याच लागणार," डॉक्टर म्हणाल्या. "औषध चढायला तेवढा वेळ लागतोच की."

रविवारी गर्दी दुप्पट होती. आम्ही दोघी गेलो. उदयसिंहांच्या कपाळावर आठी पडली, पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांची अडलेली म्हैस सोडवली होती, त्यामुळं 'जा' असं त्यांच्या तोंडून निघेना. महाराजांनी स्वाराला चार शिव्या घातल्या, शेवंतीभोवती चक्कर मारली आणि गोमुखी तिच्या तोंडाकडं नेली. तेव्हा डॉक्टर पुढं झाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, की आज गोमुखी बाजूला ठेवा, सगळ्यांदेखत हात धुवा आणि नुसता मंत्र म्हणा.

गोमुखी काढली की सिद्धी जाते, असं महाराज म्हणाले. मग सिद्धी मंत्रात आहे की पिशवीत, असं डॉक्टरांनी विचारलं. मागं कुणीतरी हसलं. दोघे-तिघे डॉक्टरांच्या अंगावर आले, देवाधर्मात बाईनं नाक खुपसू नये म्हणाले. मीही पुढं सरले. गोष्ट हातघाईवर आली असती, पण तेवढ्यात बाळाबाई गर्दीतनं वाट काढत मधे येऊन उभ्या राहिल्या.

"महाराज, काढा की ती पिशवी," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं वाढीवलेली घोडी हाय. तिच्या तोंडात काय जातंय ते बगू दे मला."

महाराजांनी ऐकलं नाही. घाईनं हात शेवंतीच्या तोंडात कोंबायला गेले. गेल्या खेपेची आठवण तिला असणारच. तिनं जोरानं मान झटकली आणि गोमुखी पाचटात जाऊन पडली. महाराजांच्या हातात पातळ रबरी मोजा होता आणि पिशवीतनं प्लॅस्टिकची सिरिंज बाहेर घरंगळली. बिनसुईची, आत दाट औषध.

गायीच्या तुपाचा प्रसाद आहे, असं महाराज म्हणाले.

"मग थोडा तुम्हीच जिभेखाली घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तूप लावायला रबराचा मोजा कशाला लागतो?"

महाराजांनी प्रसाद घेतला नाही. मग डॉक्टरांनी सिरिंज वर धरून सगळ्यांना समजेल असं सांगितलं. घोड्याची जखम शिवताना किंवा दात तपासताना त्यानं धडपडू नये म्हणून हे औषध देतात. जिभेखाली लावलं की हळूहळू गुंगी येते. ते माणसाच्या कातडीतनंही अंगात जातं, म्हणून मोजा. घोडी शांत झालेली नसते, ती पेंगुळलेली असते. तिचे पाय लटपटतात, हृदय मंद होतं. अशा वेळी वर माणूस बसवला तर दोघंही मरू शकतात. औषध उतरलं की भीती होती तिथंच असते. पाठीवर कुणी बसलेलं नव्हतं, कुणी उतरलंही नाही.

महाराज जीपकडं निघाले. जिथं शंका आहे तिथं देव थांबत नाही, असं जाता जाता म्हणाले. देव नसेल थांबत, पण जीपपुढं गुंडू उभा होता, हात गळ्यात बांधलेला.

"थांबा पावणं," तो म्हणाला. "पोलीस येऊ देत."

पोलीस आले. गुंडूनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. बाळाबाईंनी साक्ष दिली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गर्दी पांगल्यावर उदयसिंहांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, की त्या औषधाचं नाव काय, आणि नुसतं जत्रेपुरतं, अगदी थोडं दिलं तर चालेल का.

मला वाटलं, हातातली शेवंतीची दोरी टाकावी आणि सरळ निघून जावं. एवढं डोळ्यांदेखत उघडं पडल्यावरही या माणसाला तेच हवं होतं, फक्त भगव्या कपड्याशिवाय. मी काही बोलायच्या आधी बाळाबाई बोलल्या.

"उदय, तू जत्रंला चालत जा."

ते चालत गेले. शेवंती घरीच राहिली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बाळाबाईंनी मला परत बोलावलं. म्होरकीला किल्ली नसते, नाहीतर ती त्यांनी कमरेला खोचली असती. आता मी नसताना शेवंतीला कुणी हात लावत नाही.

पण काम पूर्वीपेक्षा मागं गेलंय. पाठीची भीती होतीच, आता ती तोंडाजवळही हात येऊ देत नाही. लगाम लांबची गोष्ट, रोज सकाळी मी मोकळी ओंजळ पुढं करून उभी राहते आणि ती मान फिरवते. त्या एका तासाच्या चमत्काराची भरपाई करायला मला किती महिने लागतील, मी सांगू शकत नाही. आणि रस्त्यात भेटलेली माणसं अजून विचारतात, "ताई, स्वार गेला का हो?"

त्यांना मी जे सांगते तेच इथं लिहिते. स्वार नव्हता. एक घाबरलेलं जनावर होतं, आणि त्याच्या भीतीला कारण होतं. रोगाला, अपघाताला, जनावराच्या वागण्याला, सगळ्यालाच कारण असतं. ते शोधायला वेळ लागतो आणि बघायला त्यात गंमत नसते. कुणी तासाभरात सगळं बरं करून दाखवलं, तर त्यानं काय दिलं, कशात लपवून दिलं, हे तिथंच, सगळ्यांसमोर विचारा. देव असेल तर प्रश्नानं त्याचं काही बिघडणार नाही. उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूसही त्याच्या हाती देऊ नका आणि जनावरही.