तुतीकडचा वाटा

दादानं शेवटची खुंटी ठोकली, दोर करकचून बांधला आणि तळहातावरची माती झटकली.

"झालं गं, धाकटे. आता तू निवड."

धाकटी बांधावर उभी होती. दोराच्या खालच्या अंगाला ओढ्यापर्यंत पसरलेली काळीभोर जमीन, वरच्या अंगाला टेकडीचा उतार, नुसता मुरूम आणि खडे. उतार संपतो तिथं काळ्या मातीत तुतीचं झाड होतं. ती जन्मली तेव्हा बाबांनी लावलेलं. बाबा गेले त्या दुपारीही त्यांची खाट त्याच सावलीत होती. सरळ आलेला दोर तिथं खाली वळला होता आणि झाडाला वळसा घालून, त्याला वरच्या तुकड्यात घेऊन, पुन्हा सरळ गेला होता.

त्या गावाची रीतच तशी होती. गाव आधी टेकडीवर होतं. जुन्या घरांच्या जोत्यांचे दगड अजूनही नांगराला लागतात. ओढा तेव्हा टेकडीच्या पायाशी वाहायचा. एका पुरात तो बाजूला सरकला, मागे गाळाची जमीन सोडून गेला, आणि माणसं घरं मोडून खाली आली. तो गाळ बघून सख्ख्या भावांत डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा जुन्या लोकांनी ठरवून टाकलं: थोरल्यानं दोर टाकायचा, धाकट्यानं तुकडा निवडायचा. निवडायच्या आधी दोन्ही तुकडे एकट्यानं अनवाणी फिरून बघायचे. एकदा बोललं की संपलं. तेव्हापासून वाटणीसाठी कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं, आणि गाव याचा भारी तोरा मिरवायचं.

"उरक बाई," साक्षीला आलेले लोहारकाका म्हणाले. "नाहीतर इथंच म्हातारा होईन मी."

"आलात तेव्हा काय तरणे होतात?" वहिनी किटलीतून चहा ओतता ओतता म्हणाली. सगळे हसले. धाकटीही हसली.

तिचं मन ठरलेलंच होतं. शहरात भाड्याच्या खोलीत लोकांचे कपडे शिवून तिचे डोळे आणि कंबर दोन्ही कामातून गेली होती. "ये परत. अर्धं तुझंच आहे," असं दादानंच बोलावलं, म्हणून शिलाई मशीन विकून ती आली होती. आता जे काही पिकवायचं आणि खायचं, ते या तुकड्यावर. आणि वेड्या दादानं बघा, झाड आपल्याकडे यावं म्हणून दोरसुद्धा वाकवला! तिला भरून आलं. मुरमाचं काय, खत घालू, घाम गाळू, होईल हळूहळू.

झाडाखाली चपला काढून ती आधी वर गेली. झाडाच्या खोडावर हात ठेवून थोडी थांबली. मग रीत म्हणून खालच्या तुकड्यात उतरली.

तिथं शेणखताचे ढीग ओळीनं टाकलेले होते. दादा आहेच कामाचा, तिच्या मनात आलं. तिनं एका ढिगाला सहज पाय लावला. वरचा थर वाळून भेगाळला होता आणि कडेनं गवताचे कोंब चांगले वीतभर वर आले होते. हे काही आजकालचं खत नव्हतं. दोर तर आज सकाळी पडला होता.

तिनं मान वर केली. ढीग दोरापर्यंत येऊन थांबले होते, आणि पलीकडे एकही नव्हता. झाडापाशी दोर वळला होता, तसे ढीगही वळले होते. झाडाभोवतीच्या काळ्या मातीतसुद्धा खताचा एक कण नव्हता.

आई दूध आटवायची तेव्हा दोन वाट्या दादाच भरायचा आणि तिला म्हणायचा, निवड. एका वाटीत काठोकाठ दूध असायचं. दुसरीत अर्धंच, पण वर खरवड. तिला खरवड जीव की प्राण. "दादा किती लाड करतो बघ," ती आईला सांगायची आणि तीच वाटी उचलायची. भरलेली वाटी दरवेळी दादा प्यायचा. हे आजवर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा दादाचे डोळे ओले होते. खोटं नव्हतं ते. तेच तर तिला सोसवेना.

"बघितलंस ना? वरचा जरा मोठाच ठेवलाय मी."

"बोल पोरी," लोहारकाका म्हणाले.

"खालचा."

वहिनीच्या हातातला कप भरून चहा बशीत सांडला, तरी किटली सरळ होईना.

"अगं, आणि झाड?" दादाचा आवाज चिरकला. "बाबांचं झाड गं, धाकटे!"

"तुझ्या वाट्याला आलं. सांभाळ."

"असं कसं? खालचं खत सगळं मी..." तो मध्येच थांबला.

"कधी टाकलंस, दादा?"

लोहारकाकांनी ढिगांकडे पाहिलं, मग दोराच्या वळणाकडे. मग टोपी काढून ते उगाच झटकत बसले.  खाली वाकून दादा घट्ट बसलेली खुंटी पुन्हा ठोकू लागला.

धाकटीच्या चपला झाडाखाली राहिल्या होत्या.

"थांब, मी आणते," वहिनी हळूच म्हणाली.

"नको. दुसऱ्याच्या रानात कशाला जायचं?" असं म्हणून ती आपल्या तुकड्यात जाऊन उभी राहिली. गावातली सगळ्यात चांगली माती तिच्या पायाखाली होती, आणि काही केल्या तिला रडू आवरेना.