पाटीवरची मोकळी जागा

"थांबलं? अरे, थांबलं कसं मधेच?"

कचरू ओव्हाळ यांनी हातातला पाना लाकडी बाकावर असा आपटला, की डबीतले स्क्रू उडून शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेले. समोर त्यांचे यंत्र निर्विकारपणे उभे होते. सागाच्या फळीवर ‘अभय’ कोरून झाले होते, ‘नीरजा’ कोरून झाले होते, आणि त्यानंतर कोरणारे हत्यार अलगद वर उचलले जाऊन कोपऱ्यातील आपल्या ठरलेल्या जागी मुकाट्याने परतले होते. ‘नीरजा’च्या पुढे फळी कोरी होती. जवळजवळ अर्धी फळी. तेथे ‘ओव्हाळ’ ही अक्षरे यायची होती.

उद्या मुलाच्या, अभयच्या, वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये गृहप्रवेश होता आणि ही त्या दारावरची पाटी होती. या यंत्राचे हे पहिले खरे काम.

बिबवेवाडीच्या उतारावरील आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कचरूंनी हे यंत्र शून्यातून उभे केले होते. जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या झेरॉक्स मशीनच्या मोटारी त्यांनी हाताने फिरवून पारखून आणल्या होत्या. बोहरी आळीतून लांब स्क्रू आणले, लोखंडी चौकट स्वतः वेल्ड केली, आणि ती गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, बसेना म्हणून तोडून पुन्हा वेल्ड केली. संगणकाचे अंग मात्र अभयचे होते. त्याच्या कंपनीने टाकून दिलेला एक जुनाट संगणक त्याने आणून जोडला आणि कित्येक रविवार वडिलांच्या शेजारी मांडी घालून त्याने त्या यंत्राला आज्ञा पाळायला शिकवले. पडद्यावर केवळ इंग्रजी अक्षरे आणि आकडे धावत. कचरूंना ते वाचता येत नसत. अभयने एका बटणावर लाल टिकली चिकटवून ठेवली होती. पेन ड्राइव्ह लावायचा, टिकली दाबायची, की मोटारी गुणगुणू लागत.

हे सारे त्यांनी हौसेपोटी केले असे शेजारीपाजारी समजत. ते खरे नव्हते. हे यंत्र रागातून जन्मले होते.

ज्या कारखान्यात कचरूंचे उभे आयुष्य गेले, तेथे ते लाकडी साचे बनवीत. पंपाचा, व्हॉल्व्हचा जो आकार लोखंडात ओतायचा, तो आधी लाकडात घडवावा लागे. नोकरीला लागले तेव्हा फोरमन त्यांना ‘ए कचऱ्या’ अशी हाक मारी. आधीची मुले जगली नाहीत म्हणून, याला तरी दृष्ट लागू नये या भोळ्या आशेने आईने ठेवलेले ते नाव. पुढे वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव्हारा उतरवला, पण मुलाचे नाव तसेच राहिले. मग एके दिवशी त्यांच्या साच्यावरून ओतलेला पंप पहिल्याच खेपेला निर्दोष निघाला आणि त्याच फोरमनने साच्यावर खडूने ‘ओव्हाळ’ असे लिहिले. त्या दिवसापासून सगळे खाते त्यांना ‘ओव्हाळ मिस्त्री’ म्हणू लागले. कचऱ्या जो गेला तो कायमचा.

पुढे देशाची दारे उघडली आणि त्या दारातून परदेशी यंत्रे आली. साचे आता संगणक कोरू लागला. लाकडी साच्यांचे खाते बंद झाले, मिस्त्री लोकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात स्वेच्छा कुणाची होती, हे कुणी विचारले नाही. जुने साचे सरपणाच्या भावाने गेले. कचरूंनी त्यातला आपला एक साचा तेवढा उचलून आणला होता. घरी येऊन त्यांनी बायकोला, यमुनाबाईंना, सांगितले, "ज्या मशीननं मला बाहेर काढलं, तेच मशीन मी ह्या शेडमधे करून दाखवतो. नाही केलं तर नावाचा ओव्हाळ नाही."

आजची फळी त्याच साच्यातून काढलेली होती. पाटी किती लांब हवी, हे त्यांनी अभयला विचारलेदेखील नव्हते. नावाची लांबी बापाला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

त्यांनी मोटारीवर हात ठेवला. कोमट होती. वायरी हलवून पाहिल्या, स्क्रूची जोडणी आवळली, भुसा फुंकून काढला. मग फळी बाजूला ठेवून प्लायवूडचा एक टाकाऊ तुकडा बसवला आणि लाल टिकली दाबली. अभय. नीरजा. हत्यार वर उचलले गेले आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

"तुझ्या आयला तुझ्या!"

यमुनाबाई मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "माणसाला शिव्या देऊन भागलं नाही का अजून? आता लोखंडाला द्यायला लागलात."

"अगं, अर्ध्यात सोडतंय काम! उद्या पाटी लावायचीय आणि ह्याला आजच थकवा आलाय."

"मग त्याला पण स्वेच्छानिवृत्ती द्या."

एक गोष्ट कचरूंच्या मनात खुपू लागली होती. वायर सैल असती, मोटार चुकत असती, तर बिघाडाने जागा बदलली असती. हा बिघाड जागा बदलत नव्हता. तो ‘नीरजा’चा काना देऊन झाल्यावर नेमका तेथेच येत होता. त्यांनी हात पुसले आणि अभयला फोन लावला. पलीकडे भिंतीत ड्रिल फिरत असल्याचा आवाज येत होता.

"अभय, मशीन नीरजाच्या पुढं जाईना झालंय. सगळं उघडून बघितलं. तुझ्या त्या पेन ड्राइव्हमधेच काहीतरी गळालंय."

ड्रिल थांबले.

"आप्पा, मशीन बरोबर आहे."

"बरोबर कसं? आडनाव कुठाय?"

"फाइल तेवढीच आहे, आप्पा. अभय नीरजा. एवढंच." मग तो म्हणाला, "आम्ही संध्याकाळी पाटी न्यायला येतोच आहोत. तेव्हा बोलू."

फोन बंद झाल्यावर कचरू यंत्राकडे वळले. दुपारभर त्यांनी ज्याला शिव्या घातल्या, ते बिचारे निरपराध होते. त्याला जेथे थांबायला सांगितले होते तेथेच ते थांबत होते. ही जाणीव झाली तरी त्यांचा राग निवळला नाही. उलट, आता तो ठेवायला जागा नव्हती म्हणून अधिकच चढला.

ऊन कलले तेव्हा अभय आणि नीरजा आले. त्यांची सून नीरजा मूळची नागपूरची, अभयच्याच कंपनीतली. तिने शेडच्या दारात चपला काढल्या. "जयभीम, आप्पा."

"जयभीम. इथं म्हणतेस ते बरं आहे. तिकडं लिफ्टमधे काय म्हणता? हाय-हॅलो?"

"तिकडे कोणी काहीच म्हणत नाही, आप्पा. सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून असतात."

"मी चहा टाकते," यमुनाबाई उठत म्हणाल्या. "तुमचं भांडण होईपर्यंत उकळेल तो."

अभयने फळी उचलली, अक्षरांवरून अंगठा फिरवला. "आप्पा, कसली क्लीन आलीत अक्षरं! एक कड सुद्धा उडालेली नाही."

"अक्षरांचं राहू दे. पुढची कुठं गेली ते सांग."

"हल्ली सगळे अशाच पाट्या लावतात. आमच्या मजल्यावर बघा, नुसती नवरा-बायकोची नावं."

"त्यांना लावू दे. त्यांनी आडनाव लावलं काय, काढलं काय, त्यांना कोण विचारत नाही. तू का काढलंस, ते सांग."

अभय फळीकडेच पाहत राहिला. नीरजा म्हणाली, "सांग ना. नाहीतर मी सांगते. आप्पा, आधीच्या भाड्याच्या घराचं आठवतं? मालकीणबाई फोनवर इतकं गोड बोलायच्या. करार करायला पूर्ण नावं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची भाची अचानक पुण्यात राहायला आली. भाची काही आलीच नाही. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी दिवाळीपर्यंत तिथेच लटकत होती."

"मग आता भाड्याचं नाही ना? स्वतःचं घर आहे ना? आता कुणाच्या बापाला भ्यायचं?"

"भीती नाही, आप्पा," अभय म्हणाला. "किल्ली घ्यायला गेलो, तर सोसायटीचे एक काका म्हणाले, ‘ओव्हाळ म्हणजे कुठले?’ म्हटलं, पुण्याचे. ‘नाही, म्हणजे मूळचे?’ म्हटलं, मूळचे पुण्याचेच. ‘नाही, म्हणजे…’ आणि थांबले. तिथंच थांबतात सगळे. पुढचं विचारत नाहीत. त्या थांबण्याला मी काय उत्तर देऊ?"

"तोंड दिलंय ना तुला? सांगायचं तोंडावर! मी त्या फोरमनच्या छाताडावर उभं राहून…"

"सांगितलं! कॉलेजात सांगितलं. ऑफिसात सांगितलं. मेरिटमधे आलो तरी सांगितलं. रोज सांगतो, आप्पा. दमून घरी आल्यावर स्वतःचं कुलूप उघडताना तरी सांगायला लागू नये, एवढंच वाटतं."

"लाज वाटते म्हण की सरळ."

"लाज नाही हो. कंटाळा आलाय."

मुलाला लाज वाटत असती, तर तिच्याशी दोन हात कसे करायचे ते कचरूंना माहीत होते; आयुष्यभर त्यांनी दुसरे काय केले होते? परंतु कंटाळ्याशी कसे भांडायचे, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. ज्या नावाखाली ते ताठ उभे राहिले, त्या नावाखाली आपला मुलगा वाकतो आहे, हे त्यांना आज प्रथमच दिसत होते, आणि ते पाहावे लागल्याचा संताप त्यांच्या कानशिलात ठणकत होता.

"ह्याच नावानं मला लोक मिस्त्री म्हणायला लागले," ते म्हणाले. "ह्याच नावानं!"

"माहीत आहे, आप्पा. तुम्ही ते कमावलंत. म्हणून तुम्हाला ते गोड आहे. ह्या गल्लीत सगळे आपलेच. इथं पाटी लावली तर नुसतं घर सापडतं. तिथं ती लावली की आधी मी सापडतो."

यमुनाबाई चहा घेऊन आल्या, आणि कुणाच्याही हातात न देता त्यांनी कप बाकावर ठेवले.

"उद्या लवकर या, आप्पा," नीरजा हलक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या हातूनच पाटी लावायचीय."

"गेटवर विचारतात ना, कोण आलंय म्हणून? मी काय सांगायचं, तेवढं सांगून ठेव. कचरू म्हणू, का नुसतं कुणीतरी आलंय म्हणू?"

नीरजाचे डोळे भरून आले. अभयने फळी दारावर धरावी तशी छातीसमोर धरून पाहिली. मग तो अगदी व्यवहाराच्या सुरात म्हणाला, "एवढी लांब दारावर बसणार नाही. उरलेलं कापून टाकू."



"कापून टाकू म्हणतोय," कचरू म्हणाले. "ऐकलंस का, यमुना? उरलेलं म्हणे!" त्यांनी भिंतीवरची करवत खेचून काढली आणि बाकावर टाकली. कप हिंदकळले. "मी हात लावणार नाही. ह्या मशीनला पण लावू देणार नाही. ही करवत. काप तुझ्या हातानं."

तो कापणार नाही, अशी त्यांची खात्री होती. करवत हातात घेऊन तो घुटमळेल, फळी खाली ठेवील, कदाचित रडेल. मग आपण त्याला जवळ घेऊ आणि उद्या सकाळी ती अक्षरे कोरून टाकू, असे काहीसे चित्र त्यांच्या मनात, रागाच्याही तळाशी, तयार होते.

अभयने गुण्या घेतला. पेन्सिलीने रेघ मारली. फळीचा कोरा भाग बाकाच्या बाहेर राहील अशी ती ठेवली, तिच्यावर गुडघा रोवला, आणि पहिला हात उलटा ओढून करवतीला खाच करून दिली. लहानपणी याच शेडमध्ये त्याला शिकवले होते, अगदी तसेच. त्यानंतर तो कापू लागला. लांब, सावकाश, पूर्ण पात्याचे हात.

कचरू वाट पाहत होते. करवत जराशी तिरकी होऊ दे, रेघ सुटू दे. म्हणजे ओरडायला निमित्त मिळेल, म्हणजे ती हिसकावून घेता येईल. पण करवत सुटली नाही. रेघ अर्धी झाली, अर्ध्याहून पुढे गेली. सागाचा तांबूस भुसा अभयच्या ऑफिसच्या बुटांवर पडत होता. त्याचा चेहरा घामेजला होता आणि जबडा आवळलेला होता, पण मनगट कोठेही थरथरत नव्हते. एक हात चुकला नाही.

रेघ संपत आली, तसा बाहेरचा तुकडा आपल्या भाराने खाली झुकू लागला. अशा वेळी तो कुणी धरला नाही, तर शेवटचा धागा तुटताना लाकूड उभे चिरते आणि चीर थेट आत जाते. ती ‘नीरजा’च्या शेवटच्या अक्षरात गेली असती.

"थांब. हळू," कचरू म्हणाले.

ते पुढे झाले आणि त्यांनी कोऱ्या तुकड्याखाली दोन्ही हात धरले. अभयने वर पाहिले नाही. त्याने आणखी एक लांब हात मारला, आणि तुकडा वडिलांच्या तळव्यांवर उतरला.

पाटीची कड साफ निघाली होती. अभय ती फुंकून पुसत होता. कचरू तो तुकडा, अजून भार यायचा असल्यासारखा, तसाच धरून उभे होते.