दोन बिल्ल्यांची बॅग

मित्रांनो, माझ्याजवळ बसायला आता हरकत नाही. आता मला वास येत नाही. पण जी हकीकत मी सांगणार आहे ती घाणेरडी आहे, तेव्हा जेवणं आटोपली असतील तरच ऐका.

मी गोल्फची बॅग आहे, पुष्कळ जुनी. एका छोट्या कारखान्यात, जिथे एरवी बुटांचे वरचे भाग शिवत, तिथे माझा जन्म झाला. मला सात कप्पे, एक रुंद पट्टा आणि तळाला जाड रबर. जिने मला शिवलं तिने प्रत्येक शिवण दोनदा मारली आणि शेवटी माझ्या बुडावर थाप देऊन म्हणाली, "हिच्यात हत्ती कोंबा, उसवायची नाही." हत्ती परवडला असता, असं मला पुढे वाटलं.

मला दातांच्या एका डॉक्टरांनी विकत घेतलं. ते तेव्हा खेळ नुकता शिकत होते. पाण्याच्या टाकीमागे एक साधा क्लब होता, पत्र्याच्या छपराचा, तिथे ते जात. त्यांचा चेंडू झाडावर जाई, चिखलात जाई, एकदा तर माळ्याच्या पाणी भरलेल्या बादलीत गेला. डॉक्टर पोट धरधरून हसले. माळी म्हणाला, "डॉक्टर, दात काढताना तरी नेम धरता ना?" त्यावर ते आणखी हसले. दर रविवारी घरी आले की ते ओल्या फडक्याने मला पुसत. सगळ्या क्लबात माझ्याइतकी चकचकीत बॅग नव्हती. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटे. हेही सांगायला हवं, कारण ते खरं आहे.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोल्फमध्ये चेंडू कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा असतो. एकेका भोकापर्यंतच्या पट्ट्याला होल म्हणतात, असे अठरा होल. मग कच्चा आणि पक्का खेळाडू एकमेकांशी खेळणार कसे? म्हणून कच्च्याला काही फटक्यांची सूट देतात. त्या सुटीच्या आकड्याला म्हणतात हँडिकॅप. आकडा मोठा तर माणूस कच्चा, लहान तर पक्का. प्रत्येक फेरीचं कार्ड भरायचं, शेवटच्या वीस कार्डांतली सगळ्यात चांगली आठ घ्यायची आणि त्यावरून आकडा काढायचा. माणूस दहा क्लबांचा सभासद असला तरी त्याने एकच मूळ क्लब सांगायचा आणि कुठेही खेळला तरी कार्ड त्याच नोंदीत धाडायचं. मैदान सोपं-अवघड असेल तसा एखाददुसरा फटका इकडेतिकडे होतो, पण मूळ आकडा एकच. दोन घरी जेवलात म्हणून तुम्हाला दोन पोटं फुटत नाहीत, तसंच हे.

डॉक्टरांचा आकडा अठ्ठावीस होता. सहा वर्षांत तो नऊवर आला. मेहनत खरी होती. टाकीमागच्या क्लबाने त्यांना पितळी बिल्ला दिला आणि तो त्यांनी माझ्या पट्ट्याला अडकवला.

मग त्यांनी दुसरा क्लब धरला. हा तळ्याकाठी होता, दगडी पायऱ्यांचा, आणि दारातच काचेचं कपाट, त्यात कपच कप. तिथे दर महिन्याला स्पर्धा होई. नाव नोंदवायला गेलो त्या दिवशी डॉक्टरांनी गाडी उभी केली, माझ्या पट्ट्याचा बिल्ला काढला आणि माझ्या डाव्या कप्प्यात टाकून चेन ओढली. मला वाटलं, पॉलिश करायला काढला असेल.

तिथला हँडिकॅपचा कारभार एक म्हातारे गृहस्थ बघत. सगळे त्यांना कार्डकाका म्हणत. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

"डॉक्टर, आणखी कुठल्या क्लबात आहात का? असलात तर मूळ क्लबाचं नाव लिहा. आकडा मी तिथूनच मागवतो."

"छे हो काका! कुठला क्लब? अधूनमधून खेळतो, हौस म्हणून."

बिल्ला माझ्या पोटात होता. मित्रांनो, तो पॉलिशसाठी काढलेला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

नव्या माणसाने तीन फेऱ्या खेळून दाखवायच्या आणि त्यावरून आकडा ठरायचा. तिसऱ्या फेरीत, शेवटच्या हिरवळीवर, चेंडू भोकापासून जेमतेम दोन वितींवर होता. शेंबडं पोरही घालेल इतका जवळ. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं, मनगट जरासं वळवलं आणि चेंडू भोकाच्या कडेने पुढे घालवला. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "अरेरे!"

त्या 'अरेरे'ने मला शिसारी आली. चूक सगळ्यांची होते. पण चूक मुद्दाम करून तिचं सुतक पाळायचं? तेव्हापासून मी त्याला अहो-जाहो करणं सोडलं. तुम्ही मला उद्धट म्हणा, चालेल.

तळ्याकाठी त्याला अठरा आकडा मिळाला आणि नवा निळा बिल्ला. मग सुरू झाला तमाशा. शनिवारी निळा बिल्ला बाहेर, पितळी आत. रविवारी पितळी बाहेर, निळा आत. ही अदलाबदल गाडीतच व्हायची. टाकीमागे छाती पुढे काढून, "आपला नऊ!" तळ्याकाठी खांदे पाडून, "आमचं काय, अठरावाले आम्ही." एकीकडे मिरवायला लहान आकडा, दुसरीकडे जिंकायला मोठा. आणि बुधवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून तो तळ्याकाठी एकटाच खेळे, तेव्हा मात्र सुरेख खेळे. त्या फेऱ्यांची कार्डं तो काकांना देत नसे. टाकीमागच्या कार्डांच्या नकला आणि ही कार्डं तो माझ्या डाव्या कप्प्यात कोंबे. फाडून का टाकत नव्हता? कारण चांगला खेळ फेकवत नव्हता. गाडीत बसून तो ती पुन्हापुन्हा वाचे आणि गालात हसे. त्याच कप्प्यात तो अर्धं केळं ठेवून विसरे, ओला मोजा ठेवून विसरे. पुसणं तर केव्हाच बंद झालं होतं. माझ्या अंगाला बुरशी धरली.

सहा महिन्यांत त्याने चार लहान कप मारले. लोक म्हणत, "डॉक्टरांचा हात बसला बुवा." मग आली वर्षाच्या मोठ्या कपाची अंतिम लढत. तिच्यात एकेका होलचा वेगळा निकाल लागतो, ज्याचे होल जास्त तो जिंकला.

समोर होत्या सिस्टर. मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्यांच्या बॅगेत फक्त सात स्टिक. प्रत्येक होल झाला की त्या चेंडू धुऊन, पुसून मगच पुढे चालत. त्यांचा आकडा बावीस, नुकताच तेवीसचा बावीस झालेला, आणि त्याचा त्यांना कोण आनंद! अठरा आणि बावीस, म्हणून सिस्टरना चार होलवर एकेक फटक्याची सूट मिळाली. खरा आकडा नऊ धरला असता तर तेरा होलवर मिळाली असती. हे मैदानावर दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला.

आणि तरीही सिस्टर पंधराव्या होलपर्यंत बरोबरीत होत्या! सोळाव्यावर त्यांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. त्या खड्ड्यात उतरल्या तेव्हा गुडघ्याने कुरकुर केली, आणि पहिला फटका वाळूतच राहिला. तो होल त्यांनी गमावला. उरलेले दोन बरोबरीत सुटले. एका होलने हरल्या.

त्यांनी हातमोजा काढला, तळहात साडीला पुसला आणि त्याचा हात हातात घेतला. "छान खेळलात हो डॉक्टर. मीच सोळाव्यावर कच खाल्ली."

"नाही हो सिस्टर, तुम्हीही छान खेळलात," तो म्हणाला. त्याच्या घशात काही अडकलं नाही. मी जवळ होते, मी पाहिलं.

कप देताना कार्डकाकांनी भाषण केलं. "हँडिकॅप हा क्लबाचा नसतो, माणसाचा असतो," ते अभिमानाने म्हणाले. "माणूस जाईल तिथे त्याचा आकडा त्याच्याबरोबर जातो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने सगळ्यात जोरात वाजवल्या. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. तिची रक्त-लघवी तपासायची लॅब होती, खेळाशी तिचा संबंध नव्हता, पण ती प्रत्येक भाषण लक्ष देऊन ऐके.

आठवड्याभराने तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि नाकावर पदर घेतला. मला ओढून मागच्या मोरीत नेलं. हातात रबरी मोजे चढवले आणि एकेक कप्पा उपसायला घेतला. डाव्या कप्प्यात काय होतं ते ऐका: दोन केळ्यांचा काळा गर, एक मोजा, त्यावर वळवळणाऱ्या अळ्या, पितळी बिल्ला आणि सगळ्याच्या मध्ये चिकटून बसलेला कार्डांचा गठ्ठा. तिला उमासे आले. तरी तिने आतून चिमटा आणला, कार्डं एकेक सोडवली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून टांगली. एकतीस भरली.

दोघे कॉलेजपासूनचे, त्यामुळे अरे-तुरेची सवय. तिने त्याला हाक मारली.

"हे काय रे?"

"जुनी कार्डं आहेत. टाकून दे."

"तारखा या वर्षाच्या आहेत. आणि यावर तुझा आकडा नऊ आहे. कप घेतलास तेव्हा अठरा होता."

"अगं, दोन क्लब, दोन मैदानं. तुला नाही कळायचं."

"त्या काकांनी सांगितलं तेवढं कळलं मला. माणूस एक, रक्त एक आणि रिपोर्ट दोन? माझ्या लॅबमधून असं निघालं तर मी कुलूप लावून घरी बसेन."

"काय तू पण! एवढ्याशा कपासाठी..."

"तेच विचारतेय मी. एवढ्याशा कपासाठी?"

तो म्हणाला, "सोमवारी सांगतो काकांना." सोमवारी दवाखान्यात गर्दी होती. मंगळवारी कमरेत उसण भरली. बुधवारी उसण नाहीशी झाली आणि तो खेळायला जायला निघाला, तेव्हा तिने त्याच्या हातातून मला काढून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि वाळलेली कार्डं घेऊन स्वतः तळ्याकाठी गेली.

कार्डकाकांनी चष्मा पुसला आणि कार्डं एकेक नोंदवली. दीड तास लागला. शेवटी आकडा आला आठ पूर्णांक नऊ दशांश. काकांनी पेन ठेवलं आणि किती वेळ रुमालाने बोटं पुसत राहिले.

मग त्यांनी सिस्टरना बोलावून घेतलं. त्या काठी टेकत आल्या, कागद वाचला.

"म्हणजे मला तेरा होलवर सूट होती?"

"हो सिस्टर. लढत तुम्ही केव्हाच जिंकली होती. कप तुमचा आहे."

सिस्टर खुर्चीत बसल्या. "काका, त्या दिवशी घरी जाऊन मी आरशात पाहिलं. म्हटलं, बाई, तुझं वय झालं, आता पुरे. दुसऱ्या दिवशी सातही स्टिक भाचीला देऊन टाकल्या. पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर पुन्हा खेळायचं ठरवलं होतं मी, तेही सोडून दिलं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "कप ठेवा तुमच्या कपाटात. त्याला हात लावायची किळस येते मला."

बायको पुढे झाली. "सिस्टर, त्यांच्या वतीने मी माफी..."

"तुम्ही नका मागू. शेण त्यांनी खाल्लं, चूळ तुम्ही का भरताय?"

तळ्याकाठच्या क्लबाने त्याला काढून टाकलं आणि पाचही कपांवरचं नाव खोडलं. टाकीमागच्या क्लबात फळ्यावर ती हकीकत लागली. माळ्याने ती वाचली आणि त्या दिवसापासून तो त्याला नमस्कार करेनासा झाला. सिस्टरकडे तो एकदाही गेला नाही. घरी येऊन बायकोवर मात्र ओरडला, "चारचौघांत माझं नाक कापलंस तू!"

"नाक असतं तर त्या बॅगेचा वास तुला आधीच आला असता," ती म्हणाली आणि लॅबला निघून गेली. बरेच दिवस ती बहिणीकडे राहिली. पुढे परत आली की नाही, मला माहीत नाही. कारण तोवर त्याने मला अपशकुनी ठरवून दवाखान्याच्या इमारतीच्या कचऱ्यात ठेवलं होतं.

तिथून मला झाडलोट करणाऱ्या मावशींनी उचललं. साबण लावून तीन वेळा धुतलं, उन्हात उलटं टांगलं. मग तापवलेल्या खिळ्याने माझ्या बुडाला सहा भोकं पाडली. दुखलं, पण आता माझ्यात पाणी साचत नाही. माझ्यात आता दोन लांब झाडू असतात आणि लादी पुसायची दांडी. मावशी ती दांडी स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळतात आणि मगच माझ्यात ठेवतात. एकदा पहारेकऱ्याने विचारलं, "मावशी, एवढी भारी बॅग झाडूला?" त्या म्हणाल्या, "बॅगेला काय कळतंय भारी नि हलकं. मला दोन्ही हात मोकळे राहतात, बास."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना नाही म्हणता येत नाही. तुम्ही जे कोंबाल ते आम्ही पोटात घेतो, मग ते केळं असो की खोटं. तेव्हा कोंबण्याआधी तुम्हीच क्षणभर थांबा, आणि थांबणं जमलं नाही तर निदान आठवड्याने तरी आमचे कप्पे उघडून बघा. तुम्हाला किळस येईल. येऊ द्या, ती बरी असते. आणि आमच्या इमारतीत कधी आलात, नि मावशींनी लादी नुकतीच पुसलेली असली, तर कृपा करून कडेकडेने चाला.