उघड्या दारावरची थाप

“कानाशी जरा घट्ट होतोय,” नट डेक्सिआस मुखवट्याआडून म्हणाला. “पण हात आहे तुझा, मिकिऑन! माझ्यासारख्या दाढीवाल्या बाप्याची पोर करून टाकलीस.”

मिकिऑन हसला नाही. वीस वर्षं तो अथेन्समधल्या नटांसाठी मुखवटे करत होता. चिंध्या खळीत भिजवायच्या, साच्यावर थर चढवायचे, वाळले की रंगवायचे. किती राजे, किती म्हातारे त्याच्या हातून गेले होते. दिओनिसस देवाच्या उत्सवातल्या नाटकासाठी यंदा बळी जाणाऱ्या राजकन्येचा मुखवटा हवा होता. भुवया रंगवून होईपर्यंत त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. आता दुसऱ्याच्या खांद्यावर तो चेहरा दिसला आणि त्याने तो ओळखला. ही तर मिर्तो. दोन वर्षांपूर्वीच्या साथीत गेलेली त्याची सोळा वर्षांची मुलगी.

तेवढ्यात त्याची बायको फिलिन्ना घागर घेऊन आली. दारातच थबकली. मग रोजच्या आवाजात म्हणाली, “मिर्तो, पाणी हवंय का गं?”

डेक्सिआसने घाईघाईने मुखवटा उतरवला. “वहिनी, मी आहे मी!”

“दिसतंय मला,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

“मोडून टाकतो हा. दुसरा करतो,” मिकिऑन पुटपुटला.

“वेड लागलंय का तुला? परवा खेळ आहे. माझ्या आज्याच्या वेळी एकच माणूस तोंडाला द्राक्षांचा गाळ फासून बोलायचा, बाकीचे नुसते गायचे. मग दुसरा आला, आता आम्ही तिघं. त्या तिघांत मला पहिल्यांदा मोठं काम मिळालंय. तुझ्या पोरीचं तोंड कोण ओळखणार आहे तिथं?” आणि मुखवटा कापडात गुंडाळून तो घेऊनही गेला.

उत्सवाच्या सकाळी टेकडीच्या उतारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ऊन लख्ख पडलं होतं. राजकन्येने सगळ्यांचा निरोप घेतला, गाणारे गप्प झाले आणि ती मरायला म्हणून मंचामागच्या दाराकडे वळली. दार सताड उघडं होतं. तिथे ती थांबली.

आणि थाप ऐकू आली. लागोपाठ तीन. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक, अगदी दमलेली.

ही थाप मिकिऑनच्या ओळखीची होती. मिर्तोच्या अंगावर फोड उठले तेव्हा भीतीपोटी त्याने तिच्या खोलीला बाहेरून अडसर घातला होता. दोन दिवस ती पाण्यासाठी दार वाजवत होती. माडीवर तापाने निजलेल्या फिलिन्नाला त्याने सांगितलं होतं, पोर पहिल्याच रात्री गेली.

“हा उभा का राहिलाय?” शेजारचा माणूस वैतागून म्हणाला. “वाक्य विसरला वाटतं.”

खेळ संपल्यावर मिकिऑन मंचामागे धावला. डेक्सिआस जमिनीवर बसला होता, ओठ पांढरेफटक.

“दार का वाजवलंस?”

“मी? मी हातसुद्धा लावला नाही. आतून कुणीतरी वाजवत होतं, म्हणून थांबलो. उघडं दार कुणी कशाला वाजवेल रे?”

मिकिऑन घरी आला. फिलिन्ना परातीत सातूचं पीठ मळत होती. उभ्याउभ्याच त्याने तिला सगळं सांगून टाकलं. अडसर, दोन दिवस, खोटं. तिचे हात थांबले नाहीत.

“दुसऱ्या दिवशी दुपारी बंद झालं वाजायचं,” ती म्हणाली. “तापात होते मी, बहिरी नव्हते.”

“मग मला कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलू? अडसर तू घातलास. पण मला जिना मोकळाच होता ना. उतरले का मी?”

तो तिच्याशेजारी खाली बसला. तिने पिठाचा अर्धा गोळा तोडून त्याच्यापुढे सरकवला. मिकिऑनने बाह्या वर केल्या. पीठ किती मळायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. ती थांब म्हणेपर्यंत तो मळत राहिला.