अकरावा आकडा

फोन आला तेव्हा माझ्या एका गालाला साबण होता आणि दुसरा गाल साफ झालेला. बायकोनं फोन आणून साफ गालाला लावला. पलीकडं कंट्रोल रूममधली पोरगी होती. तोंडावर हात धरून बोलावं तशी हळू बोलत होती.

“काका, मशीन बंद झालं होतं. तुमच्या कागदावरून चालू केलं. सगळं वर येतं, पण भट्टीचा प्रोग्राम म्हणतो परवाना चालत नाही, आणि पडतो. तीनदा करून बघितलं.”

कधी बंद झालं, असं विचारलं तर म्हणाली साडेसातला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झालेली. मी वस्तरा खाली ठेवला. पोरगी काही चुकली नव्हती. कागद चुकीचा होता, आणि तो मीच लिहिला होता, मुद्दाम.

आता नीट सांगतो, नाहीतर म्हातारा बरळतोय वाटेल.

आमचा कारखाना काचेचा. बाटल्या, बरण्या, औषधाच्या शिशा. मधोमध भट्टी, दोन खोल्यांच्या घराएवढी, आणि तिच्यात काच मधासारखी पातळ होऊन पडलेली. ही भट्टी बारा वर्षं विझलेली नाही. विझली तर काच आतल्या आत गोठते, विटा तडकतात, आणि मग सगळं फोडून नवीन बांधायचं. सहा-आठ महिने जातात. तोवर तीनशे माणसं घरी.

भट्टीवर लक्ष ठेवायला एक जुनं वर्कस्टेशन. राखाडी रंगाचं, जाड पडद्याचं. त्याच्यावर चालणारा प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्यांचं दुकान कधीच बंद झालंय. भट्टीखालच्या कंट्रोलच्या पेट्या या मशीनचं ऐकतात. मशीन गप्प झालं तर शेवटचा हुकूम धरून चार तास थांबतात, आणि मग धोका नको म्हणून गॅस बंद करतात. साडेसात आणि चार, साडेअकरा. हिशोब सोपा.

मी सातवी नापास. वायरमन म्हणून लागलो, पंखे पुसले, मोटारी बांधल्या. मशीन आलं तेव्हा शिकलेली माणसं त्याला हात लावायला घाबरायची, म्हणून मला सांगितलं धूळ झटकत जा. झटकता झटकता शिकलो. इंग्रजी मला अजून येत नाही. त्या मशीनचं येतं.

त्याचं उठणं कसं, ते ऐका. वीज दिली की आधी स्वतःला चाचपतं. मेमरी जागेवर आहे का, कीबोर्ड आहे का, पडदा आहे का. मग एका चिपमध्ये डोकावतं. तिथं त्याचा स्वतःचा नंबर असतो, बारा आकड्या-अक्षरांचा, आणि कुठल्या डिस्कवरून उठायचं ते. डिस्क सापडली की तिथून मोठी सिस्टिम वर ओढतं, आणि शेवटी भट्टीचा प्रोग्राम उठतो. हा प्रोग्राम मोठा संशयी. आधी मशीनचा नंबर विचारतो, परवान्यातल्या नंबराशी ताडून बघतो. ओळखीचा निघाला तर कामाला लागतो, नाहीतर तोंड फिरवतो.

त्या चिपच्या पोटात बटणाएवढी बॅटरी. नऊ वर्षांपूर्वी ती मेली. तेव्हापासून वीज गेली की मशीन सगळं विसरतं. तारीख विसरतं, डिस्क विसरतं, आपला नंबरही विसरतं. आणि मग तारेवरून हाका मारत बसतं, मी कोण, माझा पत्ता काय. तारेच्या टोकाला कोणी नसतं. तरी मारतच राहतं. तेव्हा दोन बटणं एकदम दाबून त्याला थांबवायचं. मग ते पडद्यावर ‘ओके’ म्हणतं आणि वाट बघतं. मग आपण हातानं नंबर भरायचा, डिस्क सांगायची, ऊठ म्हणायचं.

नवीन चिपसाठी मी तीन अर्ज केले. चौथा केला नाही. का, ते आज सांगतो. त्या नऊ वर्षांत मशीन चारदा बंद पडलं, आणि चारही वेळा मोठे साहेब स्वतः खुर्ची सोडून उभे राहिले आणि मी बसलो. माझ्या मागं दहा-बारा माणसं श्वास धरून. पंखे पुसणारा मी. नंबर कुठं लिहिलेला नव्हता, माझ्या डोक्यात होता. मला ते आवडायला लागलं होतं. बस, एवढंच.

तीन महिन्यांपूर्वी रिटायर झालो. साहेब म्हणाले, सगळं लिहून द्या. पोरगी शेजारी बसली, मी एकेक ओळ लिहिली, तिनं प्लास्टिकमध्ये घालून खणात ठेवली. आकडे इंग्रजीतले. अकरावा आकडा सात आहे. मी तिथं एक लिहिला. मनात काय, की एखाद दिवशी अडेल. फोन येईल. मी जाईन, एक आकडा बदलीन, आणि घरी येऊन जेवीन. कोणाचं काही बिघडणार नाही.

आणि आता फोन आला होता.

पोरगी सांगत होती की नवीन इंजिनिअरनं, ज्याला सगळे टाय म्हणतात, वीज गेली तर मशीन धरून ठेवणारी मोठी बॅटरी बदलायला मशीन बंद केलं. आता तो म्हणतो की हिनंच टाइप करताना कायतरी घोळ घातला आणि परवान्याची फाइल खराब झाली. डिस्क पुसून जुन्या टेपवरून सगळं नव्यानं चढवायचं ठरतंय. ती टेप मला माहीत होती. सात वर्षांपूर्वीच तिच्यावरचं काही वाचता येत नव्हतं. डिस्क पुसली की संपलं.

तेव्हाच, तिथंच म्हणायचं होतं, पोरी, अकरावा आकडा सात कर. पाच शब्द. फोन माझ्या कानाला होता. पण मी काय म्हणालो? म्हणालो, डिस्कला कोणाला हात लावू देऊ नको, मी येतो.

बायको बघत होती. म्हणाली, “अर्ध्या दाढीनं निघालात?”

बस वेळेवर आली नाही. स्टॉपवर उभा राहिलो आणि मग डोकं ताळ्यावर आलं. फोन लावला. वाजत राहिला. कंट्रोल रूममध्ये शिरताना फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो, हा नियम मीच लावून दिला होता. पोरगी बोलायला म्हणून बाहेर आली असणार आणि परत आत गेली. ऑफिसचा नंबर लावला, तर एंगेज. बस आली. प्रत्येक सिग्नलला लाल. मी मनात त्या टायला सांगत होतो, लेका, थांब, चहा पी, बाथरूमला जा, काहीही कर.

गेटवर वॉचमननं अडवलं. बावीस वर्षं मला सलाम ठोकणारा माणूस. म्हणाला, मिस्त्री, तुमचं कार्ड आता चालत नाही, वहीत लिहा. नाव, वेळ, कामाचं कारण. वेळ लिहिली दहा पंचावन्न. कारणाच्या रकान्यात पेन अडलं. मग ‘मशीन’ लिहिलं आणि पळालो. या वयात पळालो.

खोलीत मोठे साहेब होते, टाय होता, भट्टीचा फोरमन होता. टाय टेपचं झाकण उघडत होता. पोरगी खुर्चीवर नव्हती, कोपऱ्यात कपाटाला टेकून उभी होती, हात मागं बांधून. खुर्चीवरून उठवलं होतं तिला. फोरमननं माझ्या कानात सांगितलं की तिचं कायम होण्याचं पत्र पुढच्या आठवड्यात निघणार होतं, साहेबांनी आत्ताच ते थांबवायला सांगितलंय. भिंतीवर अकरा वाजून दोन मिनिटं.

मी म्हणालो, टेप ठेवा. परवाना ठीक आहे. मशीनचा नंबर चुकलाय.

साहेबांचा चेहरा असा सैल झाला की विचारू नका. प्लास्टिकमधला कागद उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला. कुठला आकडा, म्हणाले. मी अकराव्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद जवळ नेला.

“हा एक आहे की सात, मिस्त्री?”

बघा आता. दार कसं उघडून दिलं. मी नुसतं म्हणायचं, साहेब, सातच आहे, अक्षर वाईट आहे माझं. सगळे हसले असते. म्हाताऱ्याचं अक्षर. पोरीनं सातला एक वाचलं. माझं नाव राहिलं असतं, आणि वर मशीन वाचवल्याचं श्रेय. टाय तर मान हलवायलाही लागला होता, म्हणत होता, तरी मी सांगत होतो, हिनंच नीट वाचलं नाही.

पोरगी माझ्याकडं बघत नव्हती. कागदाकडं बघत होती. तो एक मी तिच्या शेजारी बसून लिहिला होता. वर टोपी, खाली पाट, छापल्यासारखा इंग्रजी एक. तिला माहीत होतं तो एक आहे.

“एकच आहे,” मी म्हणालो. “मी एक लिहिलाय. खरा सात आहे. मुद्दाम चुकीचा लिहून दिला, मला बोलवावं लागेल म्हणून. हिनं एक अक्षर चुकवलेलं नाही.”

भट्टीचा घुमारा तेवढा जमिनीतून येत होता. साहेबांनी कागद टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, आणि खुर्चीकडं हात केला. म्हणजे बसा.

मी म्हणालो, मी नाही, तिला बसू द्या.

साहेबांनी मान हलवली. पोरगी येऊन बसली. मशीन बंद केलं, चालू केलं. पडदा पांढरा झाला. मशीननं स्वतःला चाचपलं, मेमरी मोजली, चिपमध्ये डोकावलं, काही सापडलं नाही, आणि तारेवर हाका मारायला लागलं. तिनं दोन बटणं दाबली. ओके.

मी आकडे सांगायला लागलो. ती एकेक भरत होती. दहावा झाला. अकराव्याला मी अडलो. सात? की एक? तीन महिने मी रोज रात्री त्या खोट्या एकाची आठवण काढत झोपलो होतो. आता दोन्ही खरे वाटायला लागले. टाय घड्याळाकडं बघत होता. अकरा दहा. मी डोळे मिटले आणि चारही वेळचा माझा हात आठवला. अकराव्याला बोट कीबोर्डच्या वरच्या ओळीत मधोमध जायचं, डाव्या टोकाला कधीच नाही.

“सात,” मी म्हणालो.

तिनं सात भरला. बारावा भरला. डिस्क सांगितली. ऊठ म्हटलं.

अचानक बंद झालेलं नसलं तरी तीनदा उठबस झालेली, त्यात तारीख चुकलेली. म्हणून ते डिस्क तपासत बसलं. काठी फिरते ना पडद्यावर, छोटी, आडवी-उभी, तशी फिरत राहिली. अकरा पंधरा. अकरा अठरा. फोरमन दारात जाऊन परत आला. अकरा एकवीसला सिस्टिम वर आली. भट्टीच्या प्रोग्रामची चौकट उघडली, रिकामी. तीनदा इथंच तो पडला होता. मी कपाटाला धरलं.

चौकटीत पहिला आकडा आला. मग शेजारी दुसरा. मग सगळा पडदा आकड्यांनी भरला, आणि खाली पेट्यांचे हिरवे दिवे लागले. भट्टी जरा गार झाली होती, फार नाही. फोरमन पळाला.

साहेब पोरीला म्हणाले की तिचं पत्र निघेल. मला काही म्हणाले नाहीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं. नाही ठेवला.

मी पोरीकडं मार्कर मागितला. मशीनच्या पत्र्यावर, समोरच, मोठ्या अक्षरांत बाराही आकडे लिहिले. तिनं प्रत्येक आकडा पडद्याशी ताडून बघितला. एकदा नाही, दोनदा. ते तिनं करायलाच हवं होतं. मग मार्करचं टोपण लावत म्हणाली,

“काका, तीन वेळा टाइप केलं मी. तिन्ही वेळा वाटलं, आपल्यालाच वाचता येत नाही.”

गेटवर वहीत जाण्याची वेळ लिहिली आणि घरी आलो. उरलेली दाढी केली.

त्याला पाच महिने झाले. परवा दुपारी आमच्या भागातली वीज गेली. अख्ख्या गावाची गेली म्हणाले, कारखान्याकडची पण. बायको पंखा थांबला म्हणून कुरकुरत होती. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो. तिथून कारखान्याची चिमणी दिसते. ती मोठी बॅटरी टिकली नसेल आणि जनरेटर लागला असेल असं धरून मनात मोजायला लागलो. आता मेमरी बघत असेल. आता हाका मारत असेल. आता दोन बटणं. आता नंबर, पहिला, दुसरा, अकरावा. आता डिस्क. आता काठी फिरत असेल.

फोन वाजला नाही. चिमणीच्या तोंडावरची गरम हवा थरथरत होती तशीच थरथरत राहिली.

खालून बायकोनं विचारलं, काय करताय उन्हात? म्हटलं, काही नाही. आणि फोन खिशात टाकून खाली आलो.