कुरणमाळचं जळलेलं स्टेशन

फीत लावून मोजल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या पाठीमागे मला 'फीतवाल्या बाई' म्हणतात हे मलाही ठाऊक आहे. म्हणोत बापडे. आपल्या भागातल्या लहान रेल्वेवरच्या पहिल्या लाकडी स्टेशनांवर मी सहा वर्षं घालवली. एकाच नकाशावरून उभी केलेली चार स्टेशनं होती ती. सागवानी फळ्या, आणि खिळ्यांऐवजी पाचरी. आज त्यातलं एकही जागेवर नाही. तीन पाडली गेली. चौथं आमच्या गावचं कुरणमाळ, ते बेचाळीस साली माझ्या आजोबांनी जाळलं.

आजोबा म्हणजे आकाराम नाना. त्या जाळपोळीपायी दोन वर्षं तुरुंगात होते. गावाच्या नव्या कमानीवर पेटलेल्या स्टेशनाचं चित्र आहे आणि पुढे मशाल घेतलेले नाना. नऊ ऑगस्टला कमानीचं उद्घाटन आणि माझ्या पुस्तकाचं प्रकाशन एकाच मांडवात ठरलं होतं. पुस्तकातलं नानांचं प्रकरण एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आधीच छापून आलं होतं, आणि मी तेव्हा जमिनीपासून वीतभर वरच चालत होते.

त्याच आठवड्यात तासगावहून रसूल मिस्त्रींचा फोन आला. त्यांच्या शेडवर आमचा बेदाणा वर्षानुवर्षं वाळतो. ते म्हणाले, बेदाणा निवडायची जुनी लाकडी खोली पाडून लोखंडी करतोय, फळ्या स्टेशनाच्या दिसतात, फीत घेऊन या. मला आनंद झाला. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, मात्र म्हणाले, संयू, त्या लाकडात काय बघायचंय. आबा फौजेतून सुभेदार म्हणून आलेले, एकदा नाही म्हणाले की विषय संपतो. तरी मी गाडी सुरू केली तेव्हा ते मुकाट्याने येऊन शेजारी बसले.

खोली पूर्ण उतरवून झाली होती. फळ्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या, बेदाण्याचा आणि गंधकाचा वास अजून त्यांना होता. प्रत्येक फळीच्या मागे पटाशीने कोरलेला आकडा होता. एक, दोन, तीन, असं एकशे बारापर्यंत. पाडायचं लाकूड कोणी आकडे घालून उतरवत नाही. पुन्हा उभं करायचं असतं तेव्हाच सुतार ही मेहनत घेतो.

मी फीत लावली. नकाशाशी मापं तंतोतंत जुळली. मग तिकीटखिडकीची फळी सापडली आणि माझे हात थांबले. खिडकी डावीकडे होती. बाकीच्या तिन्ही स्टेशनांत खिडकी उजवीकडे, फक्त कुरणमाळला डावीकडे, कारण तिथं उजव्या अंगाला विहीर होती. हे दुसऱ्या कोणी नव्हे, मीच शोधून काढलेलं. रसूल मिस्त्रींनी त्या फळीवरचा चुना खरवडला. खालून काळ्या रंगात अक्षरं आली, 'कुरणमाळ'.

मी एकशे बारा फळ्या उलटसुलट करून पाहिल्या. एकीलाही आगीचा डाग नव्हता. मी तिथंच एका क्रेटवर बसले. कमानीवर जे स्टेशन भडाभडा जळत होतं, ते माझ्यासमोर धडधाकट उभं होतं.

रसूल मिस्त्रींनी पाणी दिलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. ते स्टेशन त्यांच्या पणजोबांच्या हातचं. नाना रॉकेल घेऊन निघाले, तेव्हा मिस्त्रींचे आजोबा मौलाली आडवे आले. बापाच्या हातचं लाकूड जाळू देणार नाही म्हणाले. दोघांची मैत्री जिवाभावाची. शेवटी त्यांनी पाचरी काढून तीन तासांत स्टेशन उतरवलं, फळ्या उसाच्या पाचटाखाली दडवल्या आणि चौथऱ्यावर कडबा पेटवून दिला. सरकारला राख दिसली. नानांनी गुन्हा कबूल केला आणि फळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण लाकूड सापडलं असतं तर मौलालीही आत गेले असते. इथवर ऐकताना मला नानांचा अभिमानच वाटत होता.

"पर आमच्या आज्ज्याला पोलिसांनी संशयावर धरलं, दुसऱ्या दिशी सोडलं," मिस्त्री म्हणाले. "गाव म्हणालं, ह्यो खबऱ्या. बायकापोरांसकट हाकलून दिलं. आज्ज्यानं मागनं राती बैलगाडीनं फळ्या हितं आनल्या. तुमचे नाना सुटून आले, हारतुरे झाले. एक शब्द बोलले असते तर आमी गावात असतो."

मग त्यांनी खिशातून पुरवणीचं कात्रण काढलं. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. 'मौलाली नावाच्या सुताराने पोलिसांना खबर दिली.' ओळ माझी होती. गावात सगळे म्हणतात म्हणून मी लिहिली होती. लाकडाला फीत लावली होती, माणसाला लावली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुमी जाळलं म्हना, आमची हरकत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आज्ज्यानं गप ऱ्हायाची जबान दिली हुती, ती त्येनं मरस्तवर पाळली. तेवढा 'खबर दिली' शब्द काढा, म्याडम."

मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेशही नव्हता. आणि मला दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा मोठा. जवळ चार शेड असताना आमचा बेदाणा इतक्या लांब का येतो, नाना दर हंगामात या खोलीत एकटेच का बसून राहायचे, हे सगळं एकदम ध्यानात आलं.

"तुम्हाला माहीत होतं, आबा?"

"नानांनी जाताना सांगितलं," आबा म्हणाले. "चोवीस वर्सं झाली. गावात मान हुता गं. माझ्या तोंडातनं निघालं न्हाई."

मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला. मी छापखान्याला फोन लावला आणि पुस्तक थांबवायला सांगितलं. छापखानेवाला कारण विचारत राहिला. मी म्हटलं, स्टेशन सापडलंय.

आबा उठून फळ्यांपाशी गेले. बराच वेळ आकड्यांवरून हात फिरवत राहिले. मग मिस्त्रींकडे न बघताच त्यांनी विचारलं, हे पुन्हा उभं करायला किती वेळ लागेल. आकडे हायत, तीन तास, मिस्त्री म्हणाले.

"मग नऊ तारखेला कमानीम्होरं उभं करू. गावाला समदं मी सांगतो."

मिस्त्री हसले नाहीत. "आमच्या आज्ज्याला त्या गावात पाय ठिवायची बंदी हुती, सुभेदार. त्येच्या लाकडाला हाय का न्हाई, तेवढं आधी इचारून घ्या."

आबांनी मान खाली घातली. फौजेतल्या माणसाची मान अशी खाली गेलेली मी प्रथमच पाहत होते. मग त्यांनी एक नंबरच्या फळीचं टोक उचललं. फळी जड होती.

"गावाला इचारत न्हाई," ते म्हणाले. "संयू, धर त्या टोकाला."